जांभळ्याची कड

खोली पाहायला गेले तेव्हा मॅडमनी भाड्याचं काही काढलं नाही. आधी माझी उंची विचारली.

“पाच फूट दोन इंच,” मी सांगितलं.

“कोणी मोजली?”

“शाळेत मोजली होती.”

“कोणत्या वर्गात?”

“दहावीत असेल.”

“असेल म्हणजे तुले माहीत नाई.” त्यांनी पर्समधून टेप काढला आणि मला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं. एकदा मोजलं, बाजूला व्हायला सांगितलं, पुन्हा उभं करून पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. मी पाच फूट पाऊण इंच निघाले. नर्सिंगच्या फॉर्मपासून लग्नाच्या बायोडाट्यापर्यंत सगळीकडे मी सव्वा इंच जास्तीचा लावून फिरत होते.

“दार ठेंगणं आहे,” टेप गुंडाळत त्या म्हणाल्या. “मागचा भाडेकरू रोज कपाळ आपटून घ्यायचा. तुले जमते. सामान घेऊन ये.”

मी मूळची चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावाकडची. सिरोंच्याच्या रुग्णालयात नर्स म्हणून बदली झाली तेव्हा घरच्यांनी मला जणू परदेशी पाठवतोय अशा चेहऱ्याने एसटीत बसवलं. गोदावरीच्या काठचं हे गाव, पलीकडे तेलंगणा. बाजारात अर्धी भाषा तेलुगू. मॅडम तिथल्याच कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मासोळी विकणाऱ्या बायकांसाठी त्या ‘मॅडमगारू’, बाकी सगळ्या गावासाठी नुसत्या ‘मॅडम’. लग्न केलेलं नव्हतं. एकदा धीर करून कारण विचारलं, तर भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “पाहायले येत होते त्यांची माहिती अपुरी राहायची.”

त्यांच्या घरात ‘खूप’, ‘थोडं’, ‘लई’ हे शब्द चालत नसत. मी ड्युटीवरून आले आणि “बाप्पा, किती ऊन!” म्हटलं की आतून आवाज यायचा, “सांग, किती?” मागच्या ओसरीवर, जिथे दिवसभर सावली असायची, तिथे एक थर्मामीटर टांगलेला होता. तो पाहिल्याशिवाय उन्हाबद्दल बोलायचं नाही, असा घरचा नियम. चौकातल्या चहाच्या टपरीवर उन्हाळ्यात रोज आकड्यांची बोली लागायची. एक जण म्हणे सत्तेचाळीस, दुसरा म्हणे माझ्या मोबाईलवर अठ्ठेचाळीस, तिसऱ्याने तर आपल्या उभ्या मोटरसायकलच्या सीटवर थर्मामीटर ठेवून त्याच्याही वरचा आकडा आणला. मॅडम दूध घ्यायला चालल्या होत्या, त्या थांबल्या.

“हे तुझ्या सीटचं तापमान आहे, भाऊ. हवेचं नाई. ज्याले खेटून ठेवशील, त्याचंच सांगन ते.”

“मग सीटवर आम्हालेच बसा लागते ना, मॅडम!” तो म्हणाला.

मॅडमनी यावर खरोखर विचार केला. “बरोबर आहे,” म्हणाल्या. “तुझ्या कामाचं माप तेच आहे. फक्त त्याले हवा म्हणू नको.”

हे त्यांचं वैशिष्ट्य होतं. समोरच्याचं पटलं की त्याच जागी, त्याच आवाजात ‘बरोबर आहे’ म्हणायच्या. आणि स्वतःचं चुकलं की त्यांना उलट हुशारी यायची. रुग्णालयातला प्रसंग मी कधी विसरणार नाही. मी डबा विसरले म्हणून त्या तो द्यायला आल्या आणि मी एका नवजात बाळाचं वजन करताना दारात उभ्या राहून पाहत राहिल्या. बाळ आईकडे गेल्यावर विचारलं, “हा काटा बरोबर आहे कशावरून?”

“रिकामा असताना शून्य दाखवतो, मॅडम.”

“शून्य बरोबर असलं म्हणजे पुढचं सगळं बरोबर, असं थोडीच आहे? गप्प बसलेला माणूस खरंच बोलते असं वाटते. तोंड उघडू दे मंग समजते.”

दुसऱ्या दिवशी त्या घरून मापी मगा आणि रिकामा कॅन घेऊन आल्या. मोजून दोन लिटर पाणी कॅनमध्ये भरलं, रिकाम्या कॅनचं वजन वजा केलं, आणि आमचा काटा चांगलाच जास्त दाखवतो असं निघालं. काटा जास्त दाखवत असेल, तर जी बाळं आम्ही ठीक वजनाची म्हणून घरी पाठवली ती खरी बारकी होती. डॉक्टर तरुण होते. त्यांचा चेहरा उतरला. वॉर्डात कुजबुज सुरू झाली.

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. “दोघांपैकी एक खोटं बोलून राह्यलं. काटा, नाई तर माझा मगा. कोण, ते अजून माहीत नाई.”

मग त्या बाजारात गेल्या आणि धान्याच्या व्यापाऱ्याकडून शिक्का मारलेली लोखंडी वजनं मागून, रिक्षात घालून घेऊन आल्या. वजनं काट्यावर ठेवली. काटा अगदी बरोबर होता. खोटा होता तो मॅडमचा मगा. वर्षानुवर्षं गरम पाणी ओतून त्याचं प्लास्टिक फुगलं होतं आणि त्यात खुणेपर्यंत लिटरहून जास्त पाणी मावत होतं.

डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला. एक वॉर्डबॉय तोंडावर हात धरून हसला. मी शरमेने खाली पाहत होते, घरमालकीण माझी ना! पण मॅडम मात्र भर वॉर्डात सांगत होत्या, “माझं चुकलं. काटा चांगला आहे, बिनधास्त वापरा.” आणि घरी येताना, चक्क गुणगुणत, “पंधरा वर्षं त्या मग्यानं भाताचं पाणी घेतलं मी. भात गिजका काऊन होते, ते आज समजलं!”

तर अशा बाईंना स्वतःची चूक सापडली म्हणून मी जेवण टाकताना पाहिलं, ती गोष्ट सांगायची आहे.

माझ्या तिथल्या शेवटच्या वर्षी मॅडमचं रंगाऱ्याशी वाजलं. बैठकीच्या भिंती पांढऱ्या करायला सांगितल्या होत्या आणि त्याने पिवळट रंग दिला, असा त्यांचा आरोप. तो बिचारा डबा दाखवत होता, शपथा घेत होता. मॅडम म्हणत, “डब्यावर काय छापलं ते नको सांगू, भिंत पाहा.” मला भिंत पांढरीच दिसत होती. मी तसं म्हटलं, तर म्हणाल्या, “तू दवाखान्याच्या भिंती पाहून पाहून बिघडली.” मग दिव्यांवर राग निघाला. हल्लीचे बल्ब मिणमिणते येतात म्हणून त्यांनी दोनदा बल्ब बदलले. आणि एका सकाळी त्यांनी चहा ओतला तो कपाच्या काठावरून बशीत आणि बशीतून टेबलावर.

“मॅडम, डोळे दाखवून येऊ.”

“दिसते मले.”

“कशावरून?” मी विचारलं.

इतक्या दिवसांत हा प्रश्न मी त्यांना पहिल्यांदाच केला होता. त्या किटली हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. संध्याकाळी मी ड्युटीवरून आले, तेव्हा पिशवी भरून तयार होती. “सुट्टी मिळते का पाह्य,” म्हणाल्या. “चंद्रपूरले जाऊ.”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आधी उजवा करायचा, महिन्या-दोन महिन्यांनी डावा, असं ठरलं. शस्त्रक्रिया सुखरूप झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तेव्हा मी शेजारीच होते. मॅडमनी आधी समोर पाहिलं. मग खाली, पलंगावर.

“सिस्टर, ही चादर कोणत्या रंगाची?” मला त्या घरातसुद्धा सिस्टरच म्हणत.

“पांढरी.”

त्यांनी उजव्या डोळ्यावर हात आडवा धरला आणि डाव्याने पाहिलं. मग डाव्यावर धरून उजव्याने. पुन्हा डाव्याने. पुन्हा उजव्याने. शेजारच्या खाटेवरची आजी घाबरली. तिला वाटलं यांचं काहीतरी बिनसलं.

“या डोळ्यानं पांढरी,” मॅडम म्हणाल्या. “निळसर पांढरी. आणि या डोळ्यानं चहात बुडवून काढल्यासारखी. बरं झालं एकच केला! दोन्ही संगं केले असते, तर मले पत्ताच लागला नसता.”

त्या अगदी लहान मुलीसारख्या झाल्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सचे ड्रेस, औषधाच्या बाटल्या, खिडकीतलं आभाळ, सगळं एकेका डोळ्याने पाहून घेत होत्या. माझ्या मोबाईलवरून त्यांनी रंगाऱ्याला फोन लावला. “तुझा रंग पांढराच होता. पिवळा माझा डोळा होता.” तिकडून तो काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण मॅडम मोठ्याने हसल्या.

दुपारी मी जेवणाचं ताट घेऊन आले तर त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. ताटाला हात लावला नाही. दुखतंय का, म्हणून विचारलं. मानेनेच नाही म्हणाल्या.

“माझ्या नोकरीच्या शेवटी शेवटी एक पोरगी होती अकरावीत. नदीकाठच्या वस्तीतली. तिची आई बाजारात मासोळी घेऊन बसते, तू पाह्यली आहे तिले.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. प्रयोगशाळेच्या खिडकीला पुठ्ठा लावून एक बारीक फट ठेवायची. फटीतून येणारं ऊन काचेच्या लोलकातून जाऊ द्यायचं. पलीकडच्या पांढऱ्या कागदावर रंगांचा पट्टा पडतो. एका टोकाला तांबडा, दुसऱ्या टोकाला जांभळा. पट्टा जिथे संपतो तिथे दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करायची आणि पट्टीने रुंदी मोजायची. साधा प्रयोग, पण मॅडमना फार आवडायचा. त्या दिवशी आधी त्यांनी स्वतः करून दाखवला. मग पोरांनी एकेक करून मोजलं. सगळ्यांची रुंदी जवळपास सारखी आली. या एका मुलीची जास्त आली. तांबड्याकडची खूण सगळ्यांसारखीच, पण जांभळ्याकडची तिने बरीच पुढे केली होती.

“मी वाकून पाह्यलं. तिथं काहीच नव्हतं. कोरा कागद. मी म्हटलं, खोड. तर ती म्हणाली, मॅडम, दिसून राह्यलं ना. मी म्हटलं, जांभळ्याच्या पुढे काही असते असं पुस्तकात वाचून आली तू, आणि इथं छाप पाडून राह्यली. ती म्हणाली, नाई मॅडम, आईची शपथ. मले शपथेचा राग आला. प्रयोगात शपथ कशाले लागते? साऱ्या वर्गापुढे तिले खोटारडी म्हणाली मी. म्हटलं, न दिसलेलं दिसलं म्हणणाऱ्याचं विज्ञानात काम नाई.”

“मग?”

“मग काय. पुढच्या वर्षी तिनं शाखा बदलली. आर्टला गेली. मले वाटलं, बरं झालं.”

बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली.

“जांभळा सगळ्यात आधी जाते,” मॅडम म्हणाल्या. “डोळ्यातलं भिंग पिवळं पडत गेलं की ते जांभळा रंग अडवते. मी हे शिकवलेलं आहे! आणि बाकीच्या पोरांची मापं माझ्यासारखी काऊन आली, सांग. त्यांनी माझी खूण पाहून खुणा केल्या. पट्ट्याकडे पाहून त्या एकटीनंच केली.”

मी म्हटलं, तुम्हाला तेव्हा काय माहीत. तुम्हाला दिसलंच नाही तर तुम्ही काय करणार.

“‘मले दिसत नाई’ एवढं म्हणायचं होतं. ते खरं होतं. मी म्हणाली, तिथं काही नाई.” त्यांनी ताट बाजूला सरकवलं. “मगा चुकला तर भात बिघडते, सिस्टर. हे तसं नाई.”

सिरोंच्याला परतल्यावर त्यांनी मासोळी विकणाऱ्या त्या आईला गाठलं. मुलगी बल्लारपूरला दिलेली, नवरा पेपर मिलमध्ये कामाला, स्टेशनकडे तिचं स्वतःचं झेरॉक्सचं दुकान आहे, हे कळलं. पुढच्या तपासणीला निघालो तेव्हा मॅडमच्या पर्समध्ये जुन्या रुमालात काहीतरी गुंडाळलेलं होतं. चंद्रपूरला डॉक्टरांनी डोळा पाहून समाधान दाखवलं. येताना आम्ही बल्लारपूरला उतरलो.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. एक मशीन, एक काउंटर, बाहेर आधारच्या आणि दाखल्यांच्या कामासाठी उभी असलेली माणसं. काउंटरमागे तिशीतली एक बाई चटाचट कागद लावत होती. तिने मान वर केली आणि हातातले कागद तसेच ठेवून उभी राहिली.

“मॅडम! तुम्ही इथी? बसा ना. ए भाऊ, जरा खुर्ची सोडा.”

मॅडम बसल्या नाहीत. गॉगल काढून त्या म्हणाल्या, “तुझी जांभळ्याची खूण बरोबर होती.”

मला वाटलं, ही आता विचारेल, कोणती खूण? इतक्या वर्षांनी कोणाला आठवणार? पण तिने काही विचारलं नाही. मशीनमधून एकामागून एक कागद बाहेर पडत राहिले. तिने हात मागे नेऊन मशीन बंद केलं.

“मले ठाऊक आहे,” ती म्हणाली.

“माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता. मले दिसत नव्हतं.”

“मले काय माहीत, मॅडम? मले वाटलं, मलेच भलतं दिसून राह्यलं. घरी जाऊन आईले म्हटलं, माझे डोळे खराब आहेत का पाह्य. मंग सोडलंच मी. कोनी विचारलं ना, काय दिसते, तर आधी बाकीचे काय म्हनतात ते ऐकतो अन् तेच सांगतो. आताही तसंच करतो. सासरी त्याले समजदारपना म्हनतात.”

ती हे रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. बाहेरच्या माणसांपैकी कुणीतरी “बाई, माझा दाखला” म्हणालं. ती म्हणाली, “थांबा भाऊ.”

“मी माफी मागाले आली नाई,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता, पण टिकत नव्हता. “माफी तू देऊन टाकशील. तुले तशीच सवय लागली आहे. मी माप घ्यायले आली.”

त्यांनी रुमाल सोडला. आत लोलक होता.

दुपारचं ऊन दुकानाच्या दारात तिरपं येत होतं. मी शटर अर्धं खाली ओढलं. त्या बाईने दोन पुठ्ठ्यांमध्ये फट धरून ते उन्हात उभे केले. कसं करायचं ते तिला सांगावं लागलं नाही. फटीपुढे लोलक आणि काउंटरवर झेरॉक्सचा कोरा कागद ठेवला, आणि त्यावर रंग पडले. बाहेरची माणसं खाली वाकून आत पाहू लागली.

“आधी तू,” मॅडम म्हणाल्या आणि पाठ करून भिंतीकडे तोंड केलं. “मी पाहत नाई. झालं की कागद काढून उलटा ठेव, मंग त्याच जागी दुसरा लाव.”

तिने पेन्सिल घेतली. तांबड्याकडे पटकन खूण केली. जांभळ्याकडे तिचा हात थांबला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नजर दुसरीकडे वळवली, कारण मला जे दिसत होतं ते माझ्या चेहऱ्यावरून तिला कळू नये असं वाटलं. मग तिने खूण केली.

आता मॅडमची पाळी. त्यांनी डाव्या, जुन्या डोळ्याने एक खूण केली आणि उजव्याने दुसरी. मग दोन्ही कागद एकावर एक ठेवून आम्ही उजेडात धरले. डाव्या डोळ्याची खूण फार अलीकडे होती. तिथून तिच्या खुणेपर्यंत जांभळ्याचा सगळा पट्टा मॅडमच्या हिशेबी कोरा होता. मॅडमनी त्या दोन खुणांच्या मधल्या जागेवर बोट ठेवलं. “एवढं,” त्या म्हणाल्या. “एवढ्यासाठी मी तुले खोटारडी म्हणाली.”

ती तिसऱ्या खुणेकडे पाहत होती. मॅडमच्या उजव्या, नव्या डोळ्याची खूण तिच्या खुणेच्याही थोडी पुढे गेली होती.

“हे काय, मॅडम?”

“नवं भिंग आहे. स्वच्छ. तुझं जन्माचं आहे, आता थोडं पिवळं पडलं असेल. मले तुझ्यापेक्षा पुढचं दिसून राह्यलं असेल.” मॅडमनी कागदावरचं बोट उचललं. “असेल. माहीत नाई.”

तिने मॅडमचा कागद पुन्हा काउंटरवर ठेवला, पट्टा त्यावर येऊ दिला आणि वाकून त्या खुणेपाशी डोळे नेले. बराच वेळ पाहिलं. मॅडम बाजूला उभ्या होत्या, दोन्ही हात पर्सवर घट्ट धरून. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकापुढे पोरं उभी राहतात, तशा.

ती सरळ झाली.

“मले इथी काहीच दिसत नाई, मॅडम,” ती म्हणाली. आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. “पन तुम्हाले दिसते ना? मंग तुमची खूण राहू द्या. नाव लिहा तिथी, तुमचं.”

मॅडमनी नाव लिहिलं. मग तिने पेन्सिल परत घेतली आणि आपल्या कागदावर, आपल्या खुणेपाशी, आपलं लिहिलं. लग्नाआधीचं, हजेरीपटावर होतं ते.